वीतभर उंचीवरचे चार पोर्ट

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण मी काम करते त्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा हेच शिकवलं होतं: मुद्दा आधी सांगा, लोक उभ्या उभ्या वाचतात. तर मुद्दा हा. तिने प्लायवूडचं एक कपाट बनवलं, आणि गावातली जी माणसं माझ्या सभेला कधी फिरकली नाहीत ती त्या कपाटापुढे मांडी घालून बसली.

कपाट म्हणजे गेमचं मशीन. मोठ्या जत्रेत नाहीतर मॉलमध्ये असतं तसं. छातीइतकं उंच, वर तिरका बसवलेला पडदा, पडद्याखाली दोन दांड्या आणि रंगीत बटणं, पोटात छोटासा कॉम्प्युटर. दोघांनी उभं राहून दांड्यांवर खेळायचं, किंवा चौघांनी हातात कंट्रोलर घेऊन. आई त्या कंट्रोलरला रिमोट म्हणते आणि मशीनला कपाट, म्हणून आमच्या घरात ते कपाटच.

बहिणीने जव्हारच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. नंतर काही वर्षं तिथल्याच एका फर्निचरच्या दुकानात ती सनमायका चिकटवत होती. पावसाळ्याच्या तोंडावर दुकानवाला म्हणाला, लोक आता तयार कपाटं मागवतात, तू दिवाळीनंतर बघ. मग ती घरी बसली, म्हणजे बसली नाहीच. दुकानातले उरलेले तुकडे, बंद पडलेल्या सायबर कॅफेचा मॉनिटर, कुरिअरने जव्हारपर्यंतच येणारी बटणं, असं एकेक एसटीतून घेऊन यायची. मी विचारायचे, "हा काय पोरखेळ लावलास?" ती म्हणायची, "तुझे बॅनर ठेवायला पण कप्पा करते त्यात." कप्पा केला नाही.

ते पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी मी वांगणीला होते. रस्त्याचा विषय होता. तिथे नेहमी रस्त्याचाच विषय असतो. वावर-वांगणी म्हटलं की शहरातले पत्रकार अजून कुपोषणाचे जुने फोटो आठवून मान हलवतात, पण डांबर गेलं कुठे ते विचारत नाहीत. सभेला माणसं थोडी, त्यातली निम्मी सावलीला बसलेली. चिडून घरी परत आले तर उंबऱ्यात चपलांचा ढीग. आत शिरायला वाट नाही. माझ्या सभेतून दर वेळी 'गुरं सोडायचीत' म्हणून उठून जाणारा पाड्यावरचा काका पहिल्या रांगेत.

"काका, गुरं?" मी विचारलं.

"आली घरी. ती हुशार हायेत," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

सगळे हसले. कुणी मागे वळूनही बघितलं नाही. माझ्या बहिणीने एका हाताने मला बाजूला सारलं, कारण मी पडद्याच्या आड येत होते.

आईने कपाटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. संघटनेने मला मेगाफोन दिला तेव्हा याच बाईने तो कोंबड्यांच्या टोपलीवर वजन म्हणून ठेवला होता. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती चुलीपुढून म्हणाली, "तिचं दिसतं गे. तुझं ऐकावं लागतं."

आता खरी गोष्ट. दिवाळी झाली की आमच्या फाट्यावरून जीपा भरून जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी वसईकडे पॅकिंगच्या कंपन्यांत. मी कॉलेजात असल्यापासून या जीपांविरुद्ध पत्रकं काढते आहे. गावात काम द्या, ही आमची पहिली मागणी, बाकीच्या तिच्या पोटात. आणि या वर्षी बहिणीने माझ्या नाकावर टिच्चून मुकादमाला नाव दिलं. पॅकिंगसाठी. बायकांची जीप सोमवारी जाणार होती. मला ती जायला नको होती. एक तर ती माझी बहीण, तिच्याशिवाय त्या घरात मी भांडणार कुणाशी. दुसरं, जिची सख्खी बहीण जीपमध्ये बसते तिचं पत्रक कोण हातात घेईल? दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं हे कुणी विचारू नये.

तिला थांबवू शकेल अशी एकच गोष्ट होती, ते कपाट. आणि ते विकत घेऊ शकेल असा एकच माणूस, शिरपामाळच्या बाजूला होमस्टे टाकलेला शेठ. आईबाप दोघंही शिक्षक, रस्त्याला लागून जमीन, त्यावर चार खोल्या आणि पाटी. मागे त्याच्या कुंपणाने पाड्याची पायवाट अडवली होती, तेव्हाचं पत्रक मी लिहिलं होतं. त्याला शेवटी कुंपणात फाटक ठेवावं लागलं. ते तो विसरला नव्हता.

तो कपाट बघायला आला, खेळला, हरला, पुन्हा खेळला. मग मागे गेला. कंट्रोलरच्या वायरी तेव्हा मागच्या फटीतून बाहेर काढलेल्या होत्या, चार वायरींचा गुंता, माणसांच्या पायात येणारा. आदल्याच दिवशी कुणीतरी वायर ओढली आणि आतला बोर्ड सुटून पडदा काळा झाला होता.

"मशीन एक नंबर," शेठ म्हणाला, "पण हे काय, आतडी बाहेर आल्यासारखी? गेस्ट म्हणतील घरी ठोकलंय."

"घरीच ठोकलंय," बहीण म्हणाली.

"ते दिसायला नको. पुढून जोडता आलं पाहिजे, दुकानातल्या वस्तूसारखं. तेवढं फिनिशिंग कर, घेतो. चाललं तर अजून दोन सांगेन, एक माझं आणि एक मित्राच्या रिसॉर्टला. आणि बाजूला वारली पेंटिंग काढ ना."

"ते नाय. काळंच राहणार."

हे उत्तर माझं होतं. मी ओठांपर्यंत आणलेलं. आमच्याकडचं काहीही विकत घ्यायचं तर त्यावर आधी नाचणारी माणसं काढा, हा काय न्याय आहे, यावर मी पान भरून लिहू शकते. तिने चार शब्दांत संपवलं, आणि त्याने ऐकूनही घेतलं.

तर सोमवारच्या आत वायरी मागून काढून पुढे आणायच्या होत्या. कपाटाच्या पुढच्या फळीत चार पोर्ट बसवायचे, कंट्रोलरची पिन ज्यात खुपसतात ती खाच. पोर्ट म्हणजे काळी बोटभर पट्टी, मधे चौकोनी तोंड, दोन्ही कानांना स्क्रूची भोकं, मागे वायरीचं शेपूट. दिसायला सोपं. तिने आधी एका टाकाऊ तुकड्यावर सरळ भोक पाडून पोर्ट बसवला, आणि पिन अर्धीच आत गेली. प्लाय जाड, पोर्टची मान आखूड. पोर्ट आत बुडाल्यासारखा दिसत होता.

"खड्ड्यात पडलाय," आई म्हणाली.

मग तिने ठरवलं की फळीत एक लांबट खिडकी कापायची, तिच्यावर काळ्या ॲक्रिलिकची पातळ पट्टी बसवायची, आणि पोर्ट त्या पट्टीत. जव्हारला जाऊन पाटी बनवणाऱ्याकडून तुकडा आणला. आखणीसाठी कागद शोधायला लागली तेव्हा मी म्हटलं, आखणी मी करणार.

का नाही करणार? एका पानात दहा मागण्या, मथळा, घोषणा, खाली प्रकाशकाची ओळ, आणि तरीही चारी बाजूंना मोकळी हवा, हे मी वर्षानुवर्षं केलं आहे. सरळ ओळ कशाला म्हणतात ते मला कळतं. आणि खरं सांगायचं तर त्या घरात जे चाललं होतं त्यात माझा हात कुठेच नव्हता, ते मला सहन होत नव्हतं.

"आख," ती म्हणाली. "घोषणा नको लिहू फक्त."

जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी चार चौकोन आखले, दोन चौकोनांमध्ये सारखं अंतर, प्रत्येकाच्या कानांवर ठिपके. फार सुंदर झालं. मग प्रश्न आला, ही पट्टी फळीवर कुठे. मी चटईवर मांडी घालून बसले, कंट्रोलर मांडीवर घेतला आणि हात पुढे केला. "इथे. जमिनीपासून वीतभर." आईनेही बसून बघितलं. "बरोबर. रिमोट मांडीवर असतो, वायर पण तिथंच पाहिजे." बहिणीने पेन्सिलने खूण केली. तिघींपैकी कुणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही. आमच्या घरात प्लास्टिकची एक खुर्ची आहे, तिच्यावर भाताची गोणी असते.

कापायचं काम तिचं. फळीची सनमायकाची बाजू खाली घातली, कारण करवतीचे दात वरच्या बाजूचे टवके उडवतात, मग मागून खिडकी कापली. कड सुरीसारखी निघाली. ॲक्रिलिकने मात्र रडवलं. पहिल्या भोकालाच तडा गेला. दुसऱ्या तुकड्याला तिने दोन्हीकडून चिकटपट्टी लावली, खाली लाकूड धरलं आणि ड्रिल इतकं हळू फिरवलं की मला वाटलं वीज गेली. गोल भोकांचे चौकोन करायला बारीक कानस. घास, फुंक मार, पोर्ट लावून बघ, काढ, पुन्हा घास. मी शेजारी बसून तिला नवीन पत्रकाचा मसुदा वाचून दाखवत होते. चांगला झाला होता तो. ती "हं" म्हणाली, पुन्हा "हं" म्हणाली, आणि मग, "ताई, सरक, उजेड अडतोय."

तिने माझ्या कुठल्याही बोलण्याकडे त्या भोकाइतकं लक्ष दिलेलं नाही. लहानपणापासून नाही. भोकाचा हेवा वाटणारी मी जिल्ह्यात पहिलीच असेन.

पण झालं तेव्हा बघत राहण्यासारखं झालं. चार पोर्ट एका ओळीत, स्क्रूची डोकी पट्टीच्या आत बुडवलेली, पट्टीवरून बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. आतून तिने वायरी एका लाकडी पट्टीला घट्ट बांधल्या, कुणी पोर्टातली वायर हिसकली तरी ओढ पट्टीवर येईल, बोर्डावर नाही. पिन लावली की टक् असा आवाज. पाड्यावरचा काका येऊन नुसतीच पिन लावत-काढत बसला.

"शेठ येईल तेव्हा तू मोखाड्याला जा," बहीण म्हणाली.

"का?"

"तुझं तोंड बघितलं की त्याला कुंपण आठवतं."

मी गेले नाही. दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसले. माझ्याच घरातून मला एका कपाटासाठी बाहेर काढता, एवढंच राहिलं होतं.

शेठ आला. आधी मागे गेला, गुंता नाही हे बघून खूश झाला. मग पुढे आला, चार पोर्ट शोधायला त्याला कमरेत वाकावं लागलं.

"इतकं खाली?"

बहिणीने चटईकडे बोट दाखवलं.

"अगं, माझ्याकडे सोफा आहे. उंच खुर्च्या आहेत. तिथून वायर पोचणार कशी? ताणली जाईल. लोकांच्या पायात येईल. वर घे ना."

वर घेता येत नव्हतं. खिडकी कापलेली होती, सनमायकाला ठिगळ लागत नाही. नवी फळी म्हणजे पुन्हा जव्हार, पुन्हा कापणं, आणि जीप परवावर. बहिणीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ते परवडलं असतं. तिने वीत मोजतो तसा पंजा ताणला, फळीला लावला, आणि तिला कळलं की आपण तिघी काय करून बसलो. मलाही तेव्हाच कळलं. शेठने गाडीची किल्ली खिशातून काढली होती.

"चहा ठेवलाय," आई आतून म्हणाली. "बसा की."

बसणार कुठे, खुर्चीवर गोणी. तो चटईवर बसला, पाय कुठे ठेवावेत ते न कळून. चहा येईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून बहिणीने एक कंट्रोलर त्याच्यासाठी पोर्टात लावला, एक स्वतःसाठी, आणि गाड्यांची शर्यत चालू केली. काका न बोलावता तिसरा कंट्रोलर घेऊन बसला. चहा आला, थंड झाला. शेठची पाठ सैलावली, गुडघे फाकले, तो काकाला "ए, कट मारू नको" म्हणायला लागला.

शर्यत संपल्यावर तो हातात कंट्रोलर तसाच धरून पोर्टकडे बघत बसला.

"हे भारी आहे, माहितीये? सोफा काढूनच टाकतो त्या खोलीतून. गोधड्या टाकायच्या, गेस्ट सगळे खाली. ट्रायबल स्टाईल गेमिंग. मुद्दाम खाली घेतलंस ना? काय डोकं आहे तुझं."

"ताईने आखलं ते," बहीण म्हणाली.

त्याने दाराकडे मान वळवली. "अरे वा. नेत्या पण आमच्याच धंद्यात?" आणि लगेच पुन्हा तिच्याकडे, "पुढची दोन्ही अशीच पाहिजेत हं. खालीच."

माझ्या हातातलं सूप थांबलं होतं. इथे माझी गंमत बघा. ही अक्कल माझी, असं म्हणावं तर 'ट्रायबल स्टाईल गेमिंग'ची जनक मी. न म्हणावं तर शाबासकी तिची. आमच्या घरात चार माणसांना बसायला चार खुर्च्या नाहीत, आणि हा त्याची थीम करून एका रात्रीचं भाडं लावणार. पाड्यातली माणसं या खेळाला फुकट बसतात, त्याच्याकडे ती फाटकाबाहेर उभी राहतील.

"स्टाईल नाही ती," मी म्हटलं. "आमच्याकडे खुर्ची नाही."

शेठ हसला. "ताई, आज मोर्चा नाही का?"

पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, चांगलं धारदार. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी सूप उचललं आणि पाखडायला लागले. आयुष्यात इतक्या जोरात तांदूळ कुणी पाखडले नसतील.

तो गेल्यावर आमचं भांडण झालं. ती म्हणाली, "तुला काय पाहिजे ते एकदा ठरव. मी राहायला पाहिजे की तुझं म्हणणं राहायला पाहिजे?"

"दोन्ही."

"आज एक मिळालंय. जेव."

सोमवारी सकाळी मी फाट्यावर गेले, दर वर्षी जाते तशी, हातात पत्रकं. जीप लागलेली. बायका बोचकी टपावर चढवत होत्या. ओळखीच्या सगळ्या. पत्रकं घेतली त्यांनी, नेहमी घेतात. मुकादम यादी काढून नावं पुकारत होता, माझ्या बहिणीचं नाव आलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

"ती नाही येणार," मी म्हटलं. "तिला इथंच काम मिळालं."

बायका थांबल्या. "कुणी दिलं? तुझ्या संघटनेनं?"

मान हलवली असती तर चाललं असतं. फाट्यावर उभं राहून वर्षानुवर्षं जे मागितलं त्यातलं एक काम तरी आलं, असं त्या वसईपर्यंत बोलत गेल्या असत्या. "नाही," मी म्हटलं. "तिने कपाट बनवलं. गेमचं. ते विकलं गेलं."

"ते कपाट? आमचा म्हातारा जातो तिथं बसायला?"

"तेच."

काखेत पोर घेतलेली एक पुढे आली. बहिणीच्याच वर्गात होती ती, तिच्या पुढच्या बाकावर. "मग तिला सांग ना, मला पण शिकवायला. सनमायका काय, मी पण चिकटवीन."

"आधी भाकर गोल करायला शीक," टपावरून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. पण ती हसली नाही. "खरंच सांग," ती म्हणाली. दुसरीने फक्त मान डोलावली, मला पण. मुकादमाने हॉर्न वाजवला. जीप भरलेलीच गेली. एक जागा कमी, ती मुकादमाने पुढच्या गावी भरली असणार.

त्या सगळ्यांच्या हातात माझं पत्रक होतं, आणि एकीनेही मला विचारलं नाही की तू काय शिकवशील. सगळ्या बहिणीचं विचारत होत्या. फाट्यावरून घरापर्यंत मी हेच चघळत आले.

बहीण ओट्यावर दुसऱ्या मशीनचं ॲक्रिलिक पुढ्यात घेऊन बसली होती. मी तिला काखेत पोर घेतलेलीचं सांगितलं, दुसरीचं सांगितलं. वाटलं, ती उडवून लावेल. ती कानस पदराच्या टोकाला पुसत राहिली.

"दोघींना घेता येईल," ती म्हणाली. "एकीला सनमायका, एकीला वायरिंग. हे दुसरं गेलं की या म्हणावं. वसईला पोचल्यावर तिथल्या कामात अडकायच्या आधी फोन कर, तुझ्याकडे नंबर असतात सगळ्यांचे."

गावातल्या दोन बायकांना गावात काम. एवढं एक वाक्य कुणा साहेबाच्या तोंडून निघावं म्हणून मी किती निवेदनं दिली, किती वेळा पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसले. ती ते कानस पुसता पुसता बोलली आणि पुन्हा घासायला लागली. मला आनंद झाला, झालाच. पण आधी पोटात जे दुखलं ते हेव्याचं होतं, आणि ते तसंच दुखत असताना मी फोन घेऊन अंगणात रेंज शोधायला गेले.